जुने दिसण्याची हौस आणि अण्णांची बेस गिटार



या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक वाद पेटला. वाद पैशाचा नव्हता, खोलीचा नव्हता आणि कुणाच्या लग्नाचाही नव्हता. वाद होता एका गिटारच्या रंगाचा! एरवी अशा विषयावर आम्ही लेखणी उचलली नसती. आम्ही पडलो कारकून माणूस. बी. कॉम. झालो ते आकडे जुळवण्यासाठी. गाण्यातले आम्हाला कळते ते एवढेच की ढोलकीवाला चुकला की पुढे बसलेली बाई मागे वळून बघते. परंतु हा वाद तीन महिने चालला. त्यात चाळीतले शेजारी पडले, गॅरेजवाले पडले, आमच्या सौ. पडल्या. त्यातून जे काही हाती लागले ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवावेसे वाटले, म्हणून हा खटाटोप.

त्याचे असे झाले. दिवा पूर्वेला आमच्या चाळीत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यांची खरी ओळख नोकरीची नाही. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. कल्याणच्या कोळसेवाडीपासून भांडुप-घाटकोपरपर्यंत जयंतीचा असा मंडप क्वचितच असेल जिथे ते उभे राहिले नाहीत. आता बोटे आखडली. म्हणून त्यांनी ती गिटार आमच्या पुतण्याला देऊन टाकली. पोरगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, रात्री तालमीला जातो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला चार, आणि त्या चांगल्या जाडजूड. ढोलकीच्या धुमेचा आवाज जसा पोटात वाजतो तसा हिचा आवाज. गाणे चालू असताना ती वेगळी ऐकू येत नाही. पण थांबली की गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखे होते. १९५१ सालापूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच लाकडी वाद्यावर चाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक मनुष्य होता. त्याने ते वाद्य विजेवर आणले आणि गळ्यात अडकवण्याजोगे केले. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

अण्णांची गिटार काही फेंडरची नव्हे. कोलकात्याकडच्या कारखान्यात तयार झालेली, मूळची काळी. १९९१ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भायखळ्याच्या एका ख्रिस्ती बँडवाल्याकडून त्यांनी ती जुनीच घेतली. त्या वर्षी मंडळाने स्वागताची कमान रंगवली होती. डब्यात निळा ऑईल पेंट उरला. अण्णांनी ब्रश घेतला आणि काळी गिटार निळी करून टाकली! ब्रशचे फराटे त्यावर अगदी परवापर्यंत दिसत होते.

"आजोबा, ही फॅशन आहे"

पुतण्याने गिटार घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केले की तो तिचा सगळा रंग काढून नवा रंग देणार. आम्ही म्हटले, छान. तर तो म्हणाला, "नवा रंग देणार काका, पण जुना दिसेल असा."

आम्हाला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. त्याने मोबाईल पुढे केला. त्यात परदेशी गिटारी होत्या. रंग उडालेला, कडा खरवडलेल्या, लोखंडी भाग काळवंडलेले, आणि किंमत लाखांच्या घरात. सगळ्या कोऱ्या! कारखान्यात बनवून, कारखान्यातच घासून, ठोकून, ओरखडे काढून विकायला ठेवलेल्या.

अण्णा ओट्यावरच बसले होते. त्यांनी चष्मा लावून ते चित्र पाहिले आणि म्हणाले, "बाळा, आम्ही उभा जन्म जुनं लपवण्यात घालवला. आणि तू पैसे देऊन फाटकं घेणार?"

मग त्यांनी सांगितलेली हकिकत आम्ही आजवर ऐकली नव्हती. त्यांच्याकडे कार्यक्रमाचा एकच पांढरा शर्ट होता. कॉलर मळून, घासून विरली की आमच्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, ती उसवत आणि उलटी करून पुन्हा शिवत. आतली बाजू कोरी असते. ती वर आली की शर्ट नवा. अशा उलट्या कॉलरवर त्यांनी चार हंगाम काढले. स्टेजवर दिवे पडले की खालच्या माणसाला काही कळत नसे; पण अण्णांना कळत असे, आणि ते मान वळवताना जपून वळवत.

"आजोबा, ही फॅशन आहे," पुतण्या म्हणाला.

खरे सांगायचे तर आम्ही त्या दिवशी पूर्णपणे अण्णांच्या बाजूचे होतो. कारण आपल्या लोकांसाठी फाटके-तुटके ही कधी हौस नव्हती, ती सक्ती होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय वापरावे याचा नियमच घालून दिलेला आहे: मेलेल्यांची वस्त्रे अंगावर घालावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने लोखंडाचे असावेत. ज्या ग्रंथाने माणसाच्या अंगावरचे कापडसुद्धा ठरवून दिले त्याचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. त्यानंतर आपल्या बापजाद्यांनी इस्त्रीचा सदरा घातला तो काही नुसता शोक म्हणून घातला नाही. मग नातवाने पुन्हा उठून रंग उडालेली वस्तू मिरवावी, याला काय म्हणावे?

पण पोरगा आमचाच. त्यालाही काही वाटत असेल. म्हणून आम्ही ठरवले की आधी ही भानगड काय आहे ती समजून घ्यावी.

ही चाल आली कुठून?

या प्रकाराला परदेशात 'रेलिक' म्हणतात. १९९५ साली अमेरिकेतल्या अनाहाईम येथे वाद्यांचा मोठा व्यापारी मेळावा भरला. तिथे फेंडर कंपनीने मुद्दाम जुन्या केलेल्या दोन नव्या गिटारी प्रथम मांडल्या, आणि तेव्हापासून हा रीतसर धंदा झाला. त्यामागची एक गोष्ट कारागीर मंडळी सांगतात ती अशी की, सुरुवात एका बेस गिटारपासूनच झाली. डॉन वॉज नावाच्या वादकाला एका मोठ्या कार्यक्रमासाठी जुनी दिसणारी बेस हवी होती. जे. डब्ल्यू. ब्लॅक या कारागिराने नवीच बेस घासून-झिजवून त्याच्या हाती दिली.

आता जुन्या गिटारचे एवढे वेड का? तर ज्या थोर वादकांनी नाव काढले त्यांच्या गिटारी झिजलेल्या होत्या. अशांपैकी एक होते जेम्स जेमर्सन. कृष्णवर्णीय, जन्म १९३६ चा, दक्षिण कॅरोलिनातला. डेट्रॉइट शहरात मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवली ती या माणसाने. जगभर लोक त्या गाण्यांवर नाचले. पण वाजवणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नव्हते. कंपनी ते छापतच नसे! मोटाउनच्या मोठ्या तबकडीवर त्यांचे नाव ठळकपणे आले ते थेट १९७१ साली, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. १९८३ मध्ये ते वारले. त्याच्या थोडे आधी त्यांची १९६२ सालची बेस चोरीला गेली होती.

हे वाचले आणि आम्हाला अण्णा आठवले. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे आपल्या घराघरांत आहेत आणि असायलाच हवीत. परंतु त्यांच्या मागे अंधारात बसून किंवा उभे राहून ढोलकी, बँजो, बेस वाजवणारे कोण होते? किती कॅसेटच्या कव्हरवर त्यांची नावे होती? अण्णांनी तीन कॅसेटसाठी वाजवले. तिन्ही त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. आम्ही चष्मा लावून पाहिले, नाव एकावरही नाही.

असो. सांगायचा मुद्दा असा की झिजलेल्या गिटारचे मोल झिजेत नसते, ती कुणी झिजवली यात असते. बाजाराने त्यातला माणूस वगळला आणि नुसती झीज विकायला काढली.

धुळीची गोष्ट – विशेषतः मातांनी वाचावी

पुतण्याने मे महिन्यात काम काढले. गिटार खोलताना मात्र त्याने मोबाईलवाल्याची शिस्त दाखवली. आधी तारा सैल केल्या. मग मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढून लांब दांडी, म्हणजे नेक, वेगळी केली. पिकअप, आवाजाची बटणे, तारा अडकवायचा ब्रिज असे एकेक उतरवताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला आणि स्क्रू जिथले तिथले पुठ्ठ्यात टोचून ठेवले. ब्रिजखाली एक बारीक वायर दडलेली असते. ती अर्थिंगची. ती तुटली तर नंतर गिटार घुंई-घुंई करते. त्याने ती चिकटपट्टीने नीट बाजूला लावली.

इथवर ठीक. मग गड्याने दहा बाय बाराच्या खोलीत, पंखा लावून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने निळा रंग कोरडाच घासायला घेतला! निळी धूळ भांड्यांवर, अंथरुणावर, पाण्याच्या पिंपावर. आमच्या सौ.नी आकांडतांडव केले आणि ते अगदी बरोबर होते.

जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे असा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या डब्यांत किती होते कोण सांगणार? अण्णांचा डबा तर १९९१ चा. शिशाची धूळ लहान लेकरांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि तो परिणाम परत फिरत नाही. तेव्हा जुने दार असो, खिडकी असो, पाळणा असो, जुना रंग घरात कोरडा घासू नये. पाणी लावून पाणी-पेपरने घासावा, लेकरांना दूर ठेवावे, निघालेला चिखल वर्तमानपत्रात गुंडाळून टाकावा आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. तोंडाला बांधलेल्या रुमालाने भागत नाही. धुळीसाठी चांगला मास्क लागतो. फवारणीच्या वेळी थिनरच्या वाफेसाठी डबीवाला मास्क वेगळाच लागतो.

आम्हाला त्या वेळी जीन्सची आठवण झाली. उल्हासनगर हे आपल्या शेजारचे जीन्सचे मोठे गाव. नवी कोरी पँट झिजलेली दिसावी म्हणून जगभर तिच्यावर काय-काय प्रयोग होतात! उल्हासनगरात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत पाण्यावरून वालधुनी नदीचा वाद न्यायालयापर्यंत गेला. तुर्कस्तानात तर पँटवर वाळूचा फवारा मारून झीज आणत. ती वाळू कामगारांच्या छातीत बसली, तरणी पोरे सिलिकोसिसने गेली. शेवटी २००९ साली त्या सरकारने ही पद्धत बंद केली. फॅशन एकाची, फुप्फुसे दुसऱ्याची. पुतण्याच्या अंगावर तेव्हा गुडघ्यावर विरलेली जीन्सच होती. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी काम गॅरेजात हलवले.

चाचांची नजर

वाद्याला रंग देणारा दिव्यात कुठे मिळणार? मिरजेला सतार-तंबोरे घडवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज हत्यारे घासून-पुसून नीट करणारे शिकलगार. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्यांची विद्या लाखेच्या पॉलिशची. विजेच्या गिटारचे नाते वाद्यांपेक्षा मोटारींशी जवळचे. १९२० च्या दशकात ड्यू पॉन्ट कंपनीने 'ड्युको' नावाचा झटपट सुकणारा लॅकर आणला. त्याआधी मोटार रंगवून सुकायला आठवडेच्या आठवडे लागत. फेंडरने आपले खास रंग घेतले ते मोटारींच्याच रंगांतून. आणि आपल्याकडचे गॅरेजवाले आजही रंगाला 'ड्युको'च म्हणतात.

म्हणून गिटार गेली शीळ रस्त्यावरच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात. तिथले चाचा मुंब्र्याचे, चाळीस वर्षे हाताला रंग. त्या दिवशी ते आले नव्हते आणि आमच्या चिरंजीवांना घाई. मागच्या बाजूचा निळा रंग अर्धामुर्धा घासून त्याने त्यावर आकाशी लॅकरचा हात मारला. दहा मिनिटांत सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला!

दुसऱ्या दिवशी चाचांनी बघितले आणि हसले. म्हणाले, ऑईल पेंटवर लॅकर कधी बसत नाही. लॅकरचा थिनर जहाल असतो, तो खालच्या ऑईल पेंटला उकलून वर आणतो. लॅकरवर ऑईल पेंट चालेल, उलटे चालणार नाही. खालचा काळा रंग कसला आहे हे पाहायला त्यांनी पिकगार्डच्या खाली, जिथे दिसणार नाही अशा जागी, थिनरचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला. म्हणजे काळा रंग लॅकरच होता. तो विरघळला नसता तर पॉलिस्टरचा समजायचा. तो फार टणक असतो. त्याला नुसते खरबरीत करून त्यावरच रंग द्यावा, काढण्याच्या फंदात पडू नये.

मग त्यांनी गिटार उलटी केली आणि पुढच्या बाजूला वरच्या कडेशी बोट ठेवले. तिथे तळहाताएवढा एक लांबट डाग होता. निळा रंग गेलेला, मग काळाही गेलेला, आणि मध्ये लाकूड उघडे पडून गुळगुळीत, तेलकट झालेले.

"ये किसका हाथ है?" चाचांनी विचारले.

आम्हाला आधी प्रश्नच कळला नाही. पुतण्या म्हणाला, "अण्णा आजोबांचा. उजवा हात तिथे टेकतो वाजवताना."

चाचा म्हणाले ते आमच्या भाषेत सांगतो. रिक्षाच्या हँडलवर, ट्रकच्या खिडकीच्या कडेवर माणसाचा हात असाच उमटतो. खऱ्या झिजेला कुठे कड नसते. एक रंग दुसऱ्यात कधी विरला ते सांगता येत नाही. पेपरने केलेल्या झिजेला कड दिसतेच. "तू पैसे खर्चून जे बनवायला निघालास ते इथे बनलेले आहे, आणि तेच तू घासून काढणार?"

पोरगा गप्प. आम्हीही गप्प. इतके दिवस आम्ही दोघे भांडत होतो. तो म्हणे जुने दाखवायचे, आम्ही म्हणत होतो नवे दाखवायचे. गिटारकडे नीट पाहिले कुणीच नव्हते.

त्या संध्याकाळी पुतण्या अण्णांकडे जाऊन बसला. काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. एवढे कळले की आकाशी रंग रद्द झाला. रंग निळाच, जयंतीच्या कमानीचा. अण्णांची जागा तशीच राहणार. आणि अण्णांनी गिटारची नुसती बॉडी मांडीवर घेऊन पोराला दाखवले की अंगठा कुठे टेकत असे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती खुर्चीला कुठल्या कडेने टेकवून ठेवत. झीज करायची ती तेवढ्याच जागी.

काम असे झाले

डागाभोवती दोन बोटे जागा सोडून बाकी ऑईल पेंट रिमूव्हर लावून खरवडला. डागालगतचा निळा मात्र हाताने, पाणी-पेपरने, जपून काढला. स्क्रूच्या भोकांत आधी मेणबत्तीचे मेण भरले. तिथे पाणी गेले तर लाकूड फुगते. मग २२० आणि ३२० नंबर, आणि जिथे लाकूड दिसू लागले तिथे सिलर. त्यावर काळ्या लॅकरचे दोन पातळ हात, त्यावर निळ्याचे तीन. खाली काळा ठेवण्याचे कारण हे की पुढे झीज दिसेल ती जुन्याच क्रमाने दिसावी: निळा, मग काळा, मग लाकूड.

अण्णांचा डाग झाकायला चिकटपट्टी लावली असती तर रंगाची कड ब्लेडने कापल्यासारखी आली असती. चाचांनी डागाच्या आकाराचा पुठ्ठा कापला आणि तो गिटारवर न टेकवता बोटभर उंच धरायला लावला. वरून गन फिरवली. फवारा पुठ्ठ्याच्या कडेखाली थोडा-थोडा शिरला आणि नवा रंग डागापर्यंत येता-येता आपोआप विरळ झाला. आम्ही टाळी वाजवायच्या बेतात होतो, पण हातात पुठ्ठा होता.

निळ्याचा तिसरा हात पडायचा होता आणि पाऊस आला. पावसाळी हवेत लॅकर मारला की हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि रंग दुधाळ, पांढरट पडतो. तसेच झाले. चाचांनी थिनरमध्ये रिटार्डर घालून एक हलका हात मारला. त्याने रंग हळू सुकतो आणि ओलाव्याला बाहेर पडायला वाव मिळतो. पांढरेपणा गेला. मात्र त्यांनी बजावले की आता घाई नको. लॅकर अर्ध्या तासात हाताला सुका लागतो, पण आतून कडक व्हायला आठवडे घेतो. आषाढ पौर्णिमा उलटून गेली होती. वर्षावासात भिक्खू एका जागी राहतात, तशी आमची गिटारही महिनाभर गॅरेजच्या माळ्यावर राहिली. हे लॅकर कापसापासूनच करतात पण पेट घेते भडकन. तेव्हा घरात स्टोव्ह, मेणबत्ती, उदबत्ती जवळ असताना असले काम कुणी करू नये, एवढे इथेच सांगून ठेवतो.

महिन्यानंतर ६०० नंबरच्या पाणी-पेपरने अंगठ्याची जागा आणि खालची कड घासली. घासायचे, पुसायचे, लांबून बघायचे. पोराने खालची कड जरा जास्तच घासली. ती खरी वाटत नाही, हे तोही कबूल करतो. मागे पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे पाडायचे त्याच्या मनात होते, कारण व्हिडिओत सगळे पाडतात. अण्णा म्हणाले, "मी पँट बेल्टशिवाय घालायचो." विषय संपला.

शेवटचा वाद मळाचा. जुनी दिसावी म्हणून परदेशात खाचांमध्ये काळपट मळ भरतात. पुतण्या बुटाचे काळे पॉलिश घेऊन बसला. अण्णांनी हात धरला. म्हणाले, "झिजलेली चालेल. मळकी नको."

महाडला त्याच १९२७ च्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या महिलांना जे सांगितले ते धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. लुगड्याला ठिगळे असली तर असू द्या, पण ते स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय आहे. आम्ही ते भाषणांत कित्येकदा सांगितले आहे. पण ठिगळ आणि मळ यांतला फरक एका गिटारवर असा समोर येईल असे वाटले नव्हते. पॉलिशची डबी आमच्या ऑफिसच्या बुटांसाठी ठेवून घेतली.

आता हिशेब, कारण त्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. लॅकर, थिनर, सिलर, रिटार्डर, पेपर आणि दोन मास्क मिळून दोन हजार एकशे चाळीस रुपये. चाचांनी मजुरी घेतली नाही. त्यांच्या नातवाच्या मोबाईलची काच पुतण्याने बसवून दिली. सुरकुतलेल्या पहिल्या रंगाचे तीनशे वीस रुपये आम्ही 'शिक्षण खर्च' या सदरात टाकले आहेत.

गेल्या रविवारी गिटार जोडून पूर्ण झाली. तारा चढल्या, अर्थिंगची वायर जागेवर बसली, घुंई-घुंई नाही. पुतण्याने ती अण्णांच्या गळ्यात घातली. त्यांनी उजवा हात टेकवला, खालची जाड तार एकदा छेडली. शेजारच्या खोलीतला पत्रा थरथरला. मग त्यांनी पट्टा अडकवायची गुंडी हलवून पाहिली.

"ही सैल आहे," ते म्हणाले. "भर कार्यक्रमात निसटेल. भोकात काडेपेटीची काडी घाल, फेविकॉल लाव, आणि मग स्क्रू पिळ."

पोरगा काडेपेटी आणायला गेला.